दोन बंद मोवरमधून एक चालू: जुन्या इंजिनात पार्ट बदलायचे कसे

ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात वर बसून चालवायचं गवताचं मशीन ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडे बऱ्याचदा एकाच्या जागी दोन असतात. एक कामावर असतं आणि दुसरं ताडपत्रीखाली गंजत पडलेलं असतं. शाळा-कॉलेजांची ग्राउंडं, क्लब, येऊरकडचे बंगले, एमआयडीसीतल्या कंपन्यांची लॉन अशा ठिकाणी ही मशीनं बाहेरून मागवलेली असतात. चालू असलेलंही बंद पडलं की नव्या इंजिनाचा भाव ऐकून दोन्ही भंगारवाल्याला दिली जातात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दोन्ही इंजिनं एका जातीची असतील तर त्यातून एक चांगलं इंजिन उभं राहण्याची शक्यता बरीच असते. ज्याने स्कूटरचा प्लग बदललाय, कार्बोरेटर उघडलाय, त्याला हे काम शांतपणे केलं तर जमतं.

मी इथे ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एक सिलिंडरचं, उभ्या शाफ्टचं, ओव्हरहेड व्हॉल्व्हचं इंजिन धरून सांगतोय. जुन्या राइड-ऑन मोवरांवर तेच जास्त दिसतं. दुसऱ्या कंपनीचं इंजिन असेल तर कामाचा क्रम हाच राहील, आकडे मात्र त्याच्या मॅन्युअलमधून घ्या.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. काही पार्ट एकटे बदलता येतात, काही जोडीनेच बदलावे लागतात. कार्बोरेटर, कॉइल, सेल्फ, सायलेन्सर हे या इंजिनाचे काढून त्या इंजिनाला लावले तरी चालतात. पिस्टन आणि बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती सिलिंडरची आतली भिंत), कनेक्टिंग रॉड आणि क्रँकची (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य शाफ्टची) पिन, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) आणि त्यावर टेकणारे टॅपेट मात्र वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून एकमेकांपुरतेच बसलेले असतात. त्यातला एक चांगला दिसला म्हणून उचलून दुसऱ्या इंजिनात घातला, तर नवा-जुना मिळून दोन्ही लवकर खराब होतात. पुढचं सगळं काम या एका फरकावर उभं आहे.

नंबर आधी, पाना नंतर

पंख्यावरच्या पत्र्यावर किंवा व्हॉल्व्ह कव्हरवर तीन नंबर ठोकलेले असतात: मॉडेल, टाइप आणि कोड. ते तेल-मातीखाली दडलेले असतात. वायर ब्रश मारू नका, घासलेटात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि टॉर्च तिरका धरून वाचा. मॉडेलचे पहिले एक-दोन आकडे इंजिनाचा आकार घनइंचात सांगतात. ३१ म्हणजे ५०० सीसीच्या आसपास, २८ म्हणजे साधारण ४६०. पुढच्या आकड्यांत शाफ्ट उभा की आडवा, बेअरिंग कोणतं, स्टार्टर कोणता हे येतं. कोडचे पहिले सहा आकडे म्हणजे बनवल्याची तारीख: ०८०४१५ असेल तर २००८ सालच्या एप्रिलची १५ तारीख.

दोन्ही इंजिनांचे तिन्ही नंबर वहीत शेजारी शेजारी लिहा. मॉडेल एक पण टाइप वेगळा असेल तर आतले पार्ट बहुतेक जुळतात, पण कार्बोरेटर, सायलेन्सरचं तोंड किंवा शाफ्टची लांबी वेगळी निघू शकते. मॉडेलच वेगळं असेल तर नुसत्या नजरेवर काही ठरवू नका. पार्ट नंबर जुळला तरच घ्या, नाहीतर व्हर्नियर लावून मोजा.

बंद पडलं ते कशामुळे

इंजिन उघडायची घाई फार जणांना असते, आणि निम्म्या वेळा बिघाड इंजिनात नसतोच. सीटखाली एक स्विच असतो, ब्रेकच्या पायडलला एक, पात्याच्या खटक्याला एक. ब्रेक पूर्ण दाबलेला नसेल किंवा पात्याचा खटका वर असेल तर सेल्फ फिरणारच नाही. आधी हे पाहा. मग बॅटरी: आराम दिलेली, भरलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली पडला तर बॅटरी गेली किंवा तिचे टर्मिनल सडले. खाडीची खारी हवा टर्मिनलवर हिरवा-पांढरा थर आणते. तो गरम पाण्याने धुऊन काढला की पुष्कळ ‘मेलेली’ मशीनं तिथेच उठतात.

ठिणगी येत नसेल तर कॉइल बदलण्याआधी कॉइलवरून येणारी, इंजिन बंद करणारी बारीक वायर सुटी करा आणि पुन्हा पाहा. आता ठिणगी आली तर कॉइल ठीक आहे, दोष स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. ही वायर सुटी असताना इंजिन चावीने बंद होत नाही, म्हणून तपासणी झाली की लगेच जोडा.

पेट्रोलकडे आपल्याकडे विशेष लक्ष हवं. २०२३ पासून पंपांवर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) येऊ लागलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. ब्रिग्जची मॅन्युअलं इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालेल असं सांगतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि जुलैत आपल्याकडे हवेत ओलाव्याला तोटा नसतो. टाकीत महिनोन्‌महिने उभं राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटरच्या वाटीत चिकट पिवळा थर आणि पाणी सोडतं. वाटी उघडा, जेट स्वच्छ करा, कडक झालेले रबरी पाइप बदलून टाका. वाटीखाली सोलेनॉइड असेल तर चावी फिरवल्यावर ‘टिक’ असा आवाज यायला हवा. आवाज नाही तर पेट्रोल आत जाणार नाही.

एक खूण अजिबात सोडू नका: ऑइलची दांडी काढून वास घ्या. ऑइल पातळ झालंय, पातळी वर चढलीय आणि पेट्रोलचा वास येतोय, तर कार्बोरेटरची फ्लोट-सुई गळतेय आणि पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरतंय. अशा स्थितीत सेल्फ मारू नका. सिलिंडर पेट्रोलने भरलेला असेल तर पिस्टनला वर जायला जागा नसते आणि रॉड वाकतो. प्लग काढा, सुई बदला, ऑइल बदला.

हे सगळं ठीक असेल तरच कॉम्प्रेशनकडे, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये होणाऱ्या दाबाकडे वळा. या इंजिनांच्या कॅममध्ये सेल्फला हलकं जावं म्हणून कॉम्प्रेशन थोडं सोडून देणारी यंत्रणा असते. त्यामुळे साधा कॉम्प्रेशन गेज लावून आलेला आकडा फसवतो. प्लग लावलेला ठेवून, पण त्याची टोपी काढून, फ्लायव्हील (पंख्याचं जड चाक) हाताने उलट दिशेने जोरात फिरवा. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर ते झटक्यात परत उसळतं. मऊपणे फिरत गेलं तर कुठेतरी गळती आहे.

गळती कुठे आहे हे हवेने कळतं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत अगदी वर आणा, पात्याचा पट्टा काढा, प्लगच्या जागी हवेची नळी बसवा आणि क्रँक पक्का धरून हवा सोडा. हवेसाठी कोपऱ्यावरचा पंक्चरवालाही पुरतो. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑइल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनवरच्या रिंगा किंवा हेडचं (सिलिंडरच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग. दाता इंजिनावरही, म्हणजे ज्याचे पार्ट काढून घ्यायचे त्या दुसऱ्या इंजिनावरही हीच तपासणी करा, म्हणजे कोणाचं काय घ्यायचं ते उघडण्याआधीच ठरतं.

ब्लॉकच्या भिंतीला भोक पडून आतला रॉड दिसत असेल तर त्या इंजिनाचा खालचा भाग संपला. त्याचं हेड, कार्बोरेटर, कॉइल, सेल्फ वापरा आणि बाकी सोडून द्या.

उघडण्याची तयारी

बॅटरीची निगेटिव्ह वायर, प्लगची टोपी, टाकीतलं पेट्रोल ही तीन कामं आधी करा. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये काम करायचं असेल तर पेट्रोल तिथे काढू नका, उघड्यावर जा. इंजिन चालवून पाहायचं तेही बाहेरच, बंद जागेत धूर जीव घेतो. मशीन उचलून खाली काम करणार असाल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, चारी बाजूंना लाकडी ठोकळे द्या.

पाने इंचाचे लागतात, आणि इथे नवखा माणूस अडतो. आपल्या पेटीत मिलिमीटरचे पाने असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी., त्यावर १३ चा पाना ढिला बसतो आणि बोल्टचे कोपरे मारतो. इंचाचा सॉकेट सेट, फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती), छोटा टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा) आणि फ्लायव्हीलचा पुलर (ओढून काढायचं साधन) हे सामान मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतं. ऑइल सीलही तिथेच बघा. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी लिहिलेली असते, जुना सील सोबत न्या.

हे इंजिन ॲल्युमिनियमचं आहे. त्यात लोखंडी बोल्ट वर्षानुवर्षं राहिला की भोवती पांढरी भुकटी धरते आणि तो जाम होतो. सायलेन्सरच्या बोल्टांचं हे नेहमीचं दुखणं आहे. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके द्या, मग पाना लावा, आणि पुढे-मागे, पुढे-मागे करत सोडवा. जोर लावून तुटलाच तर तिथे झगडत बसू नका. वागळे इस्टेट, रबाळे किंवा तुर्भ्याच्या लेथवाल्याकडे ब्लॉक न्या. ते तुटका बोल्ट काढून नवी आटी बसवून देतात.

प्रत्येक जोड सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या) बारीक स्प्रिंगा कोणत्या भोकात आहेत याचे तर दोन-तीन बाजूंनी काढा. बोल्ट जाड पुठ्ठ्यावर चित्र काढून, त्या त्या जागी भोक पाडून खोचून ठेवा.

हेड आणि त्याचं पॅकिंग

पंख्याचं कव्हर काढल्यावर पहिल्यांदा सिलिंडरच्या पंख्या पाहा, म्हणजे थंड होण्यासाठी असलेल्या त्या धातूच्या पातळ पट्ट्या. आपल्याकडे गवत सर्वात जास्त कापलं जातं ते पावसाळ्यात, ओलं. ते ओलं गवत पंख्याबरोबर आत ओढलं जातं, पट्ट्यांमध्ये बसतं, इंजिनाच्या उष्णतेने वाळतं, त्यावर पुन्हा ओलं बसतं. काही मोसमांनी तिथे गवताची कडक वीटच तयार होते. वरून काही दिसत नाही, कारण कव्हर झाकलेलं असतं. मग हवा जात नाही, हेड तापतं, वाकतं, आणि पॅकिंग फुंकलं जातं. नुसतं पॅकिंग बदलून ही वीट तशीच ठेवली तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच काम करावं लागेल.

हेड उचलल्यावर पॅकिंग फाडून टाकू नका, उजेडात धरा. या इंजिनात बोअर आणि पुशरॉडची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांची) पोकळी यांच्यामध्ये पॅकिंगची पट्टी अरुंद असते. तिथे बोअरपासून पोकळीपर्यंत एक काळा, जळकट ओघळ गेलेला दिसला आणि पॅकिंगची धातूची किनार तिथेच खाल्लेली असली, तर मशीन निळा धूर सोडत असेल त्याचं कारण सापडलं. ज्वलनाचा दाब त्या फटीतून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागात) जातो, ऑइल वर ढकललं जातं आणि जळून धूर होतं. असं मशीन ‘रिंगा गेल्या’ म्हणून सोडून दिलं जातं, आणि रिंगा शाबूत असतात. म्हणून धूर पाहून थेट रिंग-पिस्टनचा खर्च कधीही करू नका.

हेडचा तळ सपाट आहे का ते सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासा. ०.१ मि.मी.चं पातं पट्टीखाली सहज सरकलं तर हेड वाकलंय. थोडंसंच असेल तर जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून, वर थोडं घासलेट टाकून, हेड इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने घासत सपाट करता येतं. जास्त असेल तर दाता इंजिनाचं हेड घ्या. ते घेताना त्याचे व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, रॉकर सगळं त्याच्याबरोबरच घ्या, सीट आणि व्हॉल्व्ह वेगळे करू नका. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून सीटवर घासला तर ती पेस्ट अंश न् अंश धुऊन काढा, इंजिनात राहिली तर बोअर खाते.

पॅकिंग नवीनच लावा. खालच्या झाकणाचं किंवा कार्बोरेटरचं पॅकिंग शीटमधून कापून चालतं (झाकणाची जाडी मूळची तीच हवी, कारण क्रँकचा वर-खाली खेळ त्यावर ठरतो). हेडचं मात्र हाताने कापलेलं कधीही नको. त्यावर कुठलाही चिकट पदार्थ लावू नका. बोल्ट समोरासमोरचे, तीन टप्प्यांत आवळा. ३१ मालिकेच्या इंजिनांना शेवटचा टॉर्क २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहून मगच पाना सेट करा.

खालचा भाग उघडायचाच असेल तर

हवेच्या तपासणीत रिंगा खरोखर गेलेल्या निघाल्या तरच पुढे जा. बोअरला चुंबक लावून पाहा. चिकटलं तर लोखंडी लायनर (बोअरमधलं अस्तर) आहे, होनिंग करून, म्हणजे दगडाने हलकं घासून नव्या रिंगा घालता येतात. चिकटलं नाही तर बोअर ॲल्युमिनियमचा आहे, त्याला मॅन्युअलने सांगितल्याशिवाय दगड लावू नका. लायनर ०.०८ मि.मी.पेक्षा जास्त झिजलेला असेल किंवा ०.०४ पेक्षा जास्त लंबगोल झाला असेल तर नुसत्या रिंगांनी भागत नाही, बोअर करून मोठा पिस्टन घालावा लागतो. हे मोजायला बोअर गेज लागतो, लेथवाल्याकडूनच मोजून घ्या.

इथे दाता इंजिनाचा खरा उपयोग होतो. त्याचा बोअर चांगला असेल तर त्याचा पिस्टन काढून आपल्या ब्लॉकमध्ये घालू नका. त्याचा अख्खा ब्लॉक, पिस्टन, रॉड, क्रँक, कॅम जसाच्या तसा वापरा आणि आपल्या इंजिनाचं वरचं, बाहेरचं चांगलं सामान त्यावर चढवा.

उघडलंच तर रॉडची टोपी त्याच रॉडला, खुणा जुळवून, त्याच बाजूने बसवा. पिस्टनवरची खाच किंवा बाण फ्लायव्हीलकडे. रिंगांची तोंडं एका रेषेत नकोत, फिरवून वेगळी ठेवा. क्रँक आणि कॅमच्या गिअरवर ठिपके असतात, ते समोरासमोर आले तरच झाकण लावा.

फ्लायव्हील आणि कॉइल

फ्लायव्हील पुलरनेच काढा. खालून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की पंखा तरी तुटतो, नाहीतर ब्लॉकची कड. आत शाफ्टच्या खाचेत एक छोटी मऊ की असते. तिला बोटांत धरून बाजूने पाहा. मधोमध पायरीसारखी सरकलेली दिसली तर फ्लायव्हील शाफ्टवर फिरलेलं आहे, ठिणगीची वेळ चुकलेली आहे, आणि इंजिन सुरू होताना उलटा झटका देतं तो याच्यामुळेच. नवी की घाला, पण तीच, मऊ धातूची. लोखंडाची घडवलेली की घालू नका, मग झटका क्रँक सोसेल. शाफ्टचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचं भोक कोरडं, स्वच्छ हवं, ग्रीस लावायचं नाही.

कॉइल आणि फ्लायव्हीलच्या चुंबकामध्ये ०.२५ ते ०.३६ मि.मी. अंतर लागतं. एक साधं व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरा, कॉइल चुंबकाला चिकटू द्या, बोल्ट आवळा, कार्ड ओढून काढा.

व्हॉल्व्हची सेटिंग, आणि अडकणारा सेल्फ

सेल्फ मारल्यावर इंजिन अर्धी फेरी फिरतं, एका जागी येऊन थबकतं, जरा थांबून पुन्हा सरकतं. ही तक्रार घेऊन बॅटरी बदलली जाते, मग सेल्फ बदलला जातो, आणि थबकणं तसंच राहतं. व्हॉल्व्हची फट वाढलेली असते. कॉम्प्रेशन सोडून देणारी यंत्रणा कॅममधून व्हॉल्व्ह अगदी जरासाच उचलते. फट जास्त झाली की तो ‘जरासा’ फटीतच विरतो, व्हॉल्व्ह उचललाच जात नाही, आणि सेल्फला पूर्ण दाबाविरुद्ध पिस्टन ढकलावा लागतो.

म्हणून हेड बसवल्यावर सेटिंग करताना पिस्टन अगदी वरच्या बिंदूवर ठेवू नका. प्लगच्या भोकात पेन्सिल धरून कॉम्प्रेशनच्या फेरीत पिस्टन वर आणा, आणि तिथून पाव इंच खाली उतरू द्या. वरच्या बिंदूवर त्या यंत्रणेने व्हॉल्व्ह थोडा उचललेला असू शकतो, मग फीलरने मोजलेली फट खोटी निघते. इंजिन थंड हवं. इनलेटला ०.०८ ते ०.१३ मि.मी., एक्झॉस्टला ०.१३ ते ०.१८. पातं मध्ये घातल्यावर हलकी ओढ लागली पाहिजे. नट आवळताना सेटिंग सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. मग क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या हाताने फिरवा, पिस्टन परत त्याच जागी आणा आणि तिसऱ्यांदा मोजा. घाई इथे अजिबात नको. हे बदललं की तोच जुना सेल्फ, तीच बॅटरी, इंजिन एका झटक्यात फिरवतात.

गव्हर्नरची स्प्रिंग ताणून वेग वाढवू नका. ही इंजिनं मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या वर चालवायची नसतात. त्यापलीकडे रॉड तुटतो आणि खालची पाती धोकादायक वेगाने फिरतात. गव्हर्नरचा लिव्हर काढला असेल तर बसवताना नट ढिला ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा, लिव्हर ज्या दिशेने वळला त्याच दिशेने गव्हर्नरचा दांडा शेवटपर्यंत फिरवा, आणि तसाच धरून नट आवळा.

पहिल्यांदा सुरू करताना

ऑइल एसएई ३०, आपल्या हवामानाला तेच योग्य. दांडीवरच्या वरच्या खुणेपर्यंतच भरा, जास्त भरलं तरी निळा धूर येतो आणि तुम्ही उगाच हेडवर संशय घ्याल. प्लगची फट ०.७६ मि.मी. प्लग न लावता सेल्फ थोडा वेळ फिरवा, म्हणजे ऑइल सगळीकडे पोचेल. मग प्लग लावा, ताजं पेट्रोल घाला, पात्याचा पट्टा न चढवता, उघड्यावर सुरू करा.

पहिली काही मिनिटं धूर येईल, पॅकिंगवरचं तेल आणि हाताचे डाग जळतात. तो विरला पाहिजे. पंख्याच्या कव्हरशिवाय इंजिन चालवू नका, हवा सिलिंडरवर वळवायचं काम तेच कव्हर करतं. दहा मिनिटांनी बंद करा, थंड होऊ द्या, ऑइलची पातळी, गळती आणि सायलेन्सरचे बोल्ट पाहा. सगळं कोरडं असेल तरच पट्टा चढवा आणि पहिल्या दिवशी छोटं, कोरडं गवत कापा.

रिंगा बदलल्या असतील तर पहिल्या पाच तासांनी ऑइल बदला आणि जुनं ऑइल पांढऱ्या डब्यात उन्हात धरून पाहा. बारीक चकाकी पहिल्यांदा दिसते, हाताला लागणारे कण दिसले तर इंजिन थांबवून खालचं झाकण उघडा. पुढे दर पन्नास तासांनी ऑइल, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला पंख्याचं कव्हर काढून गवत साफ. मशीन महिनाभर उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा.

दाता इंजिनाचं उरलेलं सामान लगेच फेकू नका. सेल्फ, कॉइल, कार्बोरेटर, रॉकर तेल लावून वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा आणि प्रत्येक पिशवीवर मॉडेल, टाइप आणि कोड मार्करने लिहून ठेवा.